मोडून दिलेली बंदूक

१

आमच्या तंबूत सकाळ उजाडायची ती माझ्या हातानं. सगळ्यांच्या आधी उठायचं, पत्र्याच्या चुलीतले निखारे उकरायचे, चरबीचा पहिला तुकडा विस्तवाला द्यायचा आणि मग किटलीत बर्फ भरायचा. धूर वर गेला की बाहेर घंटा वाजायला लागायच्या. रेनडिअरला धूर कळतो. धूर म्हणजे माणूस आणि माणूस म्हणजे मीठ. मी मिठाची पिशवी घेऊन बाहेर आले की सगळी हरणं अंगाला येऊन भिडायची, त्यांच्या नाकपुड्यांवरचं दव माझ्या बाह्यांवर गोठायचं. मला त्यांच्याकडे बघावं लागत नसे. घंटेवरून कळायचं, कोण आलं आणि कोण मागं राहिलं.

त्या हिवाळ्यात घंटा कमी व्हायला लागल्या.

बर्फ पडल्यावर अस्वलानं झोपायचं असतं. आम्ही त्याचं नाव घेत नाही, म्हातारा म्हणतो. त्या वर्षी रानात बोरं धरली नाहीत, म्हातारा उपाशी राहिला आणि उपाशीपोटी कुणाला झोप येते. तो नदीकाठानं हिंडत होता आणि त्याला आमचा कळप सापडला होता. आधी एक गाभण मादी गेली. मग पुढं चालणारी पांढरी गेली, जिच्यामागं सगळा कळप चालायचा. कुत्री भुंकत गेली, त्यातली एक परत आलीच नाही.

आमच्याकडे बंदूक नव्हती. सरकारी फार्म होतं तेव्हा होती, चांगली, एकामागून एक गोळ्या झाडणारी. फार्म बुडालं तशी दोन माणसं येऊन ती घेऊन गेली; हरणं तुमची तुम्ही सांभाळा, म्हणाली. माझा मुलगा इनोकेंती, आम्ही त्याला केशा म्हणतो, तो डबे वाजवायचा, शेकोट्या पेटवायचा. म्हातारा लांब बसून बघायचा.

हरणं संपली की आम्हीही संपणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. खालच्या वस्तीत एक खोली मिळाली असती, आमच्या कितीतरी जणांना मिळाली होती. त्या खोल्यांत बायका खिडकीशी बसून राहतात आणि पुरुष पीत राहतात. केशाची बायको ग्लाशा पोटुशी होती, दिवस भरत आले होते. ते मूल त्या खोलीत वाढवायचं की रानात, एवढाच प्रश्न होता. बाकी सगळं त्या प्रश्नाच्या पोटात.

२

एके दिवशी केशा म्हाताऱ्याचा माग बघायला गेला आणि पाठीवर पोत्यात काहीतरी लांबडं गुंडाळून आला. तंबूत शिरला, पोतं माझ्यापुढं ठेवलं आणि चहा ओतून घेतला. मी पोतं सोडलं.

आत माझ्या बापाची बेर्दान्का होती.

जुनी एकबारी बंदूक. मागचा दांडा ओढायचा, एक काडतूस घालायचं, एक बार काढायचा. दुसरा बार हवा असेल तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. माझा बाप म्हणायचा, एकच गोळी असली की माणूस नीट बघायला शिकतो. मला त्यानंच शिकवलं. माझं लग्न झालं तेव्हा त्यानं ती माझ्या घसरगाडीवर बांधली. आमच्यात मुलीबरोबर हरणं देतात, भांडी देतात, माझ्या बापानं बंदूक दिली. पुढं ती माझ्या नवऱ्याच्या, प्रोकोपीच्या खांद्यावर गेली आणि लोक तिला प्रोकोपीची बंदूक म्हणायला लागले.

प्रोकोपी गेला तेव्हा त्याच्याबरोबर दिली. द्यायची म्हणजे मोडून द्यायची. इथं मोडलं की तिथं साबूत होतं, इथलं साबूत तिथं उपयोगाचं नाही. किटलीला बुडात भोक पाडलं, सुरीचं टोक मोडलं आणि माझ्या थोरल्या दिरांनी, सावातींनी, बंदुकीतली सळई तोडली, तीच सळई जी काडतुसाच्या बुडावर आपटते. मग दस्ता दगडावर आपटून मनगटाशी मोडला. सगळं त्याच्या उशाच्या झाडाला बांधलं. मला कुणी विचारलं नाही. मी आत तंबूत, तेव्हा आताच्या ग्लाशाच्या वयाची, कडेवर केशा, रडत होते.

केशा म्हणाला, तो थडग्यापाशी गेलाच नव्हता. बंदूक आमच्या तळाजवळ नदीच्या वळणावर, वाहून आलेल्या ओंडक्यांत अडकलेली होती.

कोपऱ्यात सावाती बसले होते. वय झालेलं, डोळ्यांत सारा पडलेला, हात असे थरथरणारे की वाटी दोन्ही हातांत धरली तरी चहा मांडीवर. ते हसले.

"लोखंड कधी पोहायला लागलं?"

"झाडाला बांधलं होतं ना, काका," केशा म्हणाला. "पुरानं काठ खाल्ला असेल. झाड पोहतं."

"मग झाडालाच विचार, तुमच्या दारात कशाला थांबलं."

दोघं बराच वेळ एकमेकांना टोमणे मारत राहिले. केशाचं म्हणणं, दस्ता जोडता येईल, सळई घडवता येईल, बंदूक उभी राहील. सावातींचं म्हणणं, जिथली आहे तिथं नेऊन ठेवा, आजच. शेवटी दोघं माझ्याकडे बघायला लागले. मेलेल्याच्या वस्तूबद्दल शेवटचा शब्द त्याच्या बायकोचा. हा मान मला एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मिळत होता.

मी बंदूक मांडीवर घेतली. नळीवरून हात फिरवला. गंज वरवरचा होता. आतून नळी चमकत होती, काल कुणी तेल देऊन पुसल्यासारखी.

मनात म्हटलं, हवा कोरडी आहे. कोरड्या थंडीत लोखंड टिकतं.

३

दोन दिवस मी ठरवत होते. दोन्ही दिवस मी बंदूक तंबूच्या बाहेर, घसरगाडीवर ठेवली होती. हरणं मिठाला आली की त्या गाडीला वळसा घालून यायची. गंजाचा वास, म्हटलं. हरणाला लोखंडाचा वास आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं ग्लाशाच्या स्वारीचा नर मारला, तोही तंबूच्या इतक्या जवळ की आम्ही हाडं मोडताना ऐकली. तो कुठं पळाला नाही. खाऊन झाल्यावर तिथंच बसला.

मी केशाला म्हटलं, "जोड ती."

सावातींनी मान फिरवली. "प्रोकोपी हयात होता तेव्हाही मांसाचा मोठा तुकडा तू त्याला सुखानं घेऊ दिला नाहीस."

"हा मोठा तुकडा, ही बंदूक, माझ्या बापाची होती, भावजी," मी म्हटलं.

केशा जोडायला बसला. राख आणि चरबी लावून नळी घासली. माशाच्या कातडीचं सरस उकळलं, सगळ्या तंबूत त्याचा घाण वास, ग्लाशा उलट्या करून बेजार. दस्ता सरसानं चिकटवला आणि वरून ओल्या कातड्याची वादी आवळून गुंडाळली. ती सुकली की लोखंडी कड्यासारखी घट्ट होते. मी माझ्या लग्नाच्या पेटीतून बापाचा गोळ्या ओतायचा साचा काढला आणि रिकामी पितळी काडतुसं. ती माझी होती, म्हणून कुणी मोडली नव्हती. बंदुकीची दारू आणि काडतुसांना लावायच्या टोप्या केशानं पलीकडच्या कळपवाल्याकडून एका कातड्याच्या बदल्यात आणल्या.

ज्या दिवशी दस्त्याची वादी सुकली, त्याच्या दुसऱ्या सकाळी मी नेहमीसारखी उठले. निखारे उकरले, विस्तवाला घास दिला, किटली भरून ठेवली. बर्फ विरघळला आणि चुलीवर चर्र झालं. किटली गळत होती.

मी ती उपडी केली. बुडाच्या मधोमध एक भोक.

केशा म्हणाला, जुनी झाली, आई, पत्रा पातळ झाला. थंडीत तडकतोच. त्याचं बरोबर होतं. पण तडकलेल्या पत्र्याला भेग पडते. हे भोक होतं, आणि त्याच्या कडा आत वळलेल्या होत्या. किटली उपडी धरून सुरीच्या टोकावर एक फटका मारला की पडतं तसं. मी माझ्या हयातीत कितीतरी किटल्यांना तसं भोक पाडलंय. थडग्यापाशी.

मी भोकात बोथट खिळा ठोकून बसवला आणि किटलीत पुन्हा बर्फ भरला.

४

मग तो आवाज सुरू झाला.

आमच्याकडे हिवाळ्यातला दिवस म्हणजे उजेडाची चिंधी. दुपारी थोडा वेळ आभाळ निळसर होतं, तेवढ्यात सगळी कामं. अशाच एका दुपारी मी लाकडं फोडत होते आणि नदीच्या बाजूनं, लार्चच्या झाडांमागून ऐकू आलं.

खटक.

थंडीनं झाडं फुटतात, तो आवाज मोठा असतो, बार काढल्यासारखा. हा बारीक होता. कोरडा, लोखंडाचा. मी कुऱ्हाड थांबवली. थोड्या वेळानं पुन्हा, दांडा मागं ओढल्याची घसट, पुढं ढकलल्याची घसट आणि खटक.

हा आवाज मी ओळखणार नाही तर कोण. बंदुकीचा चाप ओढला आणि बार उडाला नाही, की असा येतो.

मी आत गेले. केशा चुलीपाशी बसून कानशीच्या तुकड्यातून नवी सळई घासत होता. बंदूक त्याच्या मांडीवर. मी तिथं उभी असतानाच बाहेर पुन्हा वाजलं.

"ऐकलंस?"

"काय?"

तो कानस घासत होता, त्याला कसं ऐकू येणार. मी स्वतःला सांगितलं, कानशीचाच आवाज असेल, गोठलेल्या हवेत आवाज कुठून कुठं फिरून येतो. मी केशाला थांबायला सांगितलं. तो थांबला. बाहेरचाही थांबला. आता यावरून काय म्हणावं? म्हटलं, बघ, कानशीचाच होता.

पण कोपऱ्यात सावातींनी वाटी खाली ठेवली होती आणि त्यांची ती सारा पडलेली बुबुळं तंबूच्या कापडाकडे, नदीच्या बाजूला लागलेली होती.

सळई बसली त्या दिवशी सावातींनी मांस कापायला कमरेची सुरी काढली आणि तिला टोक नव्हतं. म्यान झटकलं, टोक म्यानातही नव्हतं.

माझ्या मनात एक विचार आला आणि मला तो बरा वाटला. हे सगळं भावजीच करत आहेत. त्यांना बंदूक परत जायला हवी आहे. किटली त्यांनी फोडली, सुरी त्यांनीच मोडली. मी त्यांना तसं तोंडावर म्हटलं.

त्यांना राग आला नाही. त्यांनी हात पुढं केले, वाऱ्यावरच्या पानांसारखे हलणारे. "या हातांनी? आग्राफेना, मला माझी चड्डी बांधता येत नाही. तुझा मुलगा बांधतो."

मी त्यांचे हात हातात घेतले, थांबवायला. थांबेनात. मी ते त्यांच्या मांडीवर ठेवले. हे करणारे भावजी असते तर किती बरं झालं असतं.

५

केशानं बाळासाठी पाळणा केला होता. पॉप्लरची पातळ फळी वाकवून, कडेला वादी ओवून. ग्लाशानं त्यात घालायला कुजक्या लाकडाचा मऊ भुसा वाळवून ठेवला होता. पाळणा तंबूच्या खांबाला टांगलेला असायचा, तिच्या डोक्याशी.

त्या दिवशी आम्ही सगळे बाहेर होतो. केशा आणि ग्लाशा हरणं तळाजवळ ओढत होते, मी सावातींना धरून शेकोटीपाशी बसवत होते. त्यांचा हात माझ्या हातात होता. तंबूत कुणी नव्हतं. पांढऱ्या बर्फावर उघड्या दुपारी तंबूत कुणी जाताना दिसलं नाही. कुत्री दारातच पडलेली, तिनं मान वर केली आणि पुन्हा खाली ठेवली, ओळखीचं माणूस आत गेल्यावर ठेवते तशी.

ग्लाशा भुसा झाडायला आत गेली.  ती पाळणा घेऊन बाहेर आली आणि तिनं तो उजेडाकडे धरला.

तळाच्या फळीला भोक होतं, बरोबर मधोमध. आणि फळीत रुतून बसलेलं, चमकत होतं सुरीचं टोक.

कुणाला काही सांगायची गरज पडली नाही. पाळणा मोडून कुणाला देतात हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

केशा आत गेला, बंदूक घेऊन आला आणि शेकोटीच्या दगडांकडे चालायला लागला. चेहरा पांढरा. मी त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"सरक, आई. त्याची त्याला देऊन टाकतो."

"देऊन टाकलीस तर थांबेल तो?"

"ती मागतोय तो. अजून काय मागणार?"

"किटली घेतली, सुरी घेतली. आता पाळणा. ज्याला फक्त बंदूक हवी तो बंदुकीला हात घालतो."

तो बाजूनं जायला लागला. मी बंदुकीची नळी धरली. माझ्या मुलानं आणि मी ती दोन्हीकडून ओढली, शेजाऱ्यांची भांडणं होतात तशी. ग्लाशा रडत होती. सावाती म्हणाले, दे तिला, दे त्याला, काहीतरी करा पण करा.

मी केशाला म्हटलं, आणि हे मी मोठ्यानं म्हटलं, नदीकडे तोंड करून, ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं म्हणून:

"मोडायचं ते जिवंत माणसानं. आम्ही आमच्या हातानं मोडून देऊ ते मेलेल्याचं, बाकी सगळं आमचं. तिकडून हात घालून घ्यायचं नसतं. ही रीत मी नाही केली, तुझ्या बापाच्या बापांनी केली, आणि ती त्यानं मोडली. आणि ही बंदूक? ही मी दिलीच नव्हती. पुरुषांनी पुरुषाला दिली. माझ्या बापाची वस्तू, माझ्या पाठीमागं."

केशानं नळी सोडली.

लार्चच्या झाडांमागून उत्तर आलं. खटक. या वेळी तेही ऐकत होते, सगळे.

मी केशाला सांगितलं, उरलेल्यांतली तगडी हरणं जुंप आणि ग्लाशाला वस्तीतल्या दवाखान्यात घेऊन जा. बाळ तिथं होऊ दे. बाळंत झाली की परत इकडेच यायचं, खोली घ्यायची नाही. कळपाचं काय, तो म्हणाला. मी म्हटलं, कळप मी राखते.

तो माझ्याकडे असा बघत होता, जणू मी वेडी झालेय किंवा तो लहान झालाय. पण गेला. पाळणा मी चुलीत घातला. विस्तवाला दिलेलं कुणी परत घेत नाही.

६

मग आम्ही दोघं म्हातारे आणि बंदूक. मी एक गोळी ओतली, काडतूस भरलं. जास्त भरता आली असती, पण त्या बंदुकीला दुसरी गोळी म्हणजे मनाची समजूत.

बाहेर खटके वाढले होते. चिडलेला माणूस असा दांडा ओढतो. पुन्हा, पुन्हा. सावाती कानांवर टोपी ओढून बसले आणि म्हणाले, प्रोकोपी हयातीत एवढा हट्टी नव्हता. मी म्हटलं, होता, तुम्ही त्याच्याशी लग्न केलं नव्हतं.

आम्ही दोघं हसलो. खरंच हसलो. बाहेर एकदम शांत झालं.

आणि मग घंटा वाजायला लागल्या, सगळ्या एकदम, वेड्यासारख्या.

मी बाहेर आले. आभाळाची ती निळी वेळ होती. हरणं एका बाजूला गोळा होऊन उभी होती, सगळ्यांची तोंडं नदीकडे. एकही पळत नव्हतं. म्हातारा आला की ती पळतात, चारी दिशांना. ही उभी होती आणि थरथरत होती.

मी त्यांच्या मधून पुढं गेले. बर्फ घोट्याच्या वर. कळपाच्या पलीकडे मोकळी जागा, त्यापलीकडे ठेंगणी झुडपं आणि मग नदी.

मोकळ्या जागेत कुणीतरी उभं होतं.

म्हटलं, म्हातारा मागच्या पायांवर उभा राहिलाय. राहतात ते तसे, हुंगायला. उंची तेवढीच होती. रंगही, त्या उजेडात, तेवढाच काळा. मी माझ्या डोळ्यांना समजावत होते, हा म्हातारा आहे, नेम धर. पण म्हाताऱ्याला खांदे नसतात, उतरती पाठ असते. याला खांदे होते. आणि खांद्याशी काहीतरी लावलेलं होतं, लांब, सरळ, आणि त्याचं मागचं टोक मोडून लोंबत होतं, वादीवर लोंबतं तसं, हलत होतं.

खटक.

त्या आवाजानं मी थांबले. मला वाटलं, आता हातातली टाकावी आणि मागं फिरावं. पण मागं काय होतं? हरणं, तंबू, भावजी. त्याच्या पलीकडे ग्लाशाचं पोट. मी कुठं जाणार?

मी बंदूक खांद्याला लावली. गाल दस्त्यावर टेकला. सरसाचा घाण वास आला आणि मला एकदम बरं वाटलं. तो वास आमचा होता. या जगातला.

"प्रोकोपी," मी म्हटलं, "तुझी मोडली आहे. माझी साबूत आहे."

त्यानं पुन्हा दांडा ओढला. मी ऐकलं.

मी चाप ओढला.

धुरानं सगळं झाकलं. काळ्या दारूचा धूर थंडीत हलत नाही, टांगलेल्या कापडासारखा राहतो. तो विरला तेव्हा मोकळी जागा मोकळी होती. हरणं पांगली होती आणि खुरांनी बर्फ उकरून चरत होती.

तंबूत सावातींनी विचारलं, लागली का. मी म्हटलं, लागली. कुणाला, त्यांनी विचारलं. मी चुलीत लाकूड घातलं.

७

केशा परत आला तो एकटा, मुलगी झाल्याची बातमी घेऊन. ग्लाशा आणि ती नंतर आल्या. तो आल्या आल्या नदीकडे गेला आणि झुडपांतून ओरडत आला. म्हातारा झुडपांत मरून पडला होता, कडक झालेला. गोळी छातीत. केशानं मला उचललं, माझ्या वयाच्या बाईला, आणि गोल फिरवलं.

मी त्याच्याबरोबर बघायला गेले. म्हाताऱ्याच्या पावलांचे ठसे नदीकडून झुडपांपर्यंत आले होते आणि तिथंच संपले होते. मोकळ्या जागेत तो आलाच नव्हता. मी जिथं नेम धरला होता तिथं बर्फावर एकही ठसा नव्हता, माणसाचा नाही, जनावराचा नाही. तिथून झुडपं सरळ मागं. माझी गोळी म्हाताऱ्यापर्यंत गेली म्हणजे त्या जागेतून गेली, दुसरी वाट नाही.

तेव्हापासून एक गोष्ट मी मनात उलटीपालटी करते. त्याचं तोंड मला दिसलं नव्हतं. तो माझ्याकडे बंदूक रोखून उभा होता की माझ्याकडे पाठ करून, झुडपांकडे, म्हाताऱ्यावर, हे मला सांगता येत नाही. सावाती जायच्या आधी एकदा म्हणाले, तो कळप राखत असेल गं, त्याच्या परीनं. मी म्हटलं, मग पाळण्याला भोक कशाला पाडलं? त्यांनी वाटी पुढं केली. मी चहा ओतला.

आम्ही त्या खोलीत गेलो नाही. कळप वाढला. दुपारी कधीकधी अजून ऐकू येतं, खटक. ऐकू येऊ दे.

बंदूक माझी नात उल्यानाची आहे. मी तिला शिकवलं, एकच गोळी असली की कसं बघायचं. केशाला आणि सगळ्यांना बजावून ठेवलंय. मी गेले की माझी सुई मोडा, वाटी फोडा, किटलीच्या बुडात भोक पाडा, हवं तर घसरगाडीही मोडा. पण बंदुकीला हात लावायचा नाही. कुणी म्हणेल, आजी तिकडे रिकामी कशी जाईल. रिकामीच जाईन. तो त्याची मोडकी घेऊन समोर उभा असेल. मी सरळ त्याच्याजवळ चालत जाणार आहे आणि त्याला विचारणार आहे, तुझं तोंड कुणीकडे होतं.